तौनोमामाची बेडकी

आमच्या घरी एखाद्या पाहुण्याने चुकून विचारलं, "तौनोमामांनी नक्की कसला शोध लावलाय हो?" तर आई आधी शेगडी बंद करते. उत्तर संपेपर्यंत रस्सा करपतो, हा तिचा बेचाळीस वर्षांचा अनुभव आहे.

तौनो माकेला हा माझ्या आजीचा धाकटा भाऊ. आईचा मामा, म्हणून माझाही मामा, आणि हळूहळू सगळ्या टॅमरॅक गावाचाच मामा. वय वर्षं चौऱ्याहत्तर, उंची सहा फूट, त्यातला अर्धा फूट केसांचा. तांब्याची खाण चालू होती तोवर तो तिथल्या दुरुस्तीच्या शेडमध्ये होता. खाण बंद पडली तेव्हा बाकीच्यांनी तिथून पेन्शनचे कागद आणले, मामाने भंगार आणलं.

त्याचं प्रत्येक वाक्य "शास्त्रीयदृष्ट्या बघितलं तर" असं सुरू होतं. त्या वेळी तर्जनी वर, नजर छताला, आणि आवाज सर्दी झालेल्या पाद्रीबुवांसारखा. "शास्त्रीयदृष्ट्या बघितलं तर, हेल्मी, तुझ्या कॉफीत पाणी जास्त झालंय." हेल्मी म्हणजे माझी आजी. ती कुठल्याही प्रश्नाला, आरोपाला किंवा अपघाताला एकच उत्तर देते. समोर वेलदोड्याच्या गोड पावाची बशी सरकवते. तोंडात पाव असला की माणूस बोलत नाही, हे तिचं शास्त्र.

मामाच्या शोधांची यादी गावाला तोंडपाठ आहे. चोपन्न साली त्याने बर्फावर चालणारी सायकल केली. मागच्या चाकाच्या जागी लाकूड कापायचं गोल करवतीचं पातं. कल्पना वाईट नव्हती, पण हँडल डावीकडे अडकलं आणि मामा तळ्यावर गोल गोल फिरत राहिला. तिसऱ्या फेरीला त्याने स्वतःभोवतीचा बर्फ व्यवस्थित कापून काढला आणि त्या बर्फाच्या चकतीसकट पाण्यात गेला. नंतर त्याने चाकांवरचं सौना काढलं. गाडी पळतेय, आत भट्टी पेटलीय, लोक घाम काढतायत, असा बेत. उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या जत्रेत पहिली फेरी पाद्रीबुवांना दिली. चिमणीने पेट घेतला. भर बाजारात बुवा सौनात अंगावर मारायची बर्चच्या पानांची जुडी पुढे धरून पळाले, आणि त्यांच्या बायकोने तो विषय पुढची नऊ वर्षं घरात काढू दिला नाही.

आणि मग बेडकी. बेडकीपाशी आलं की मामाची तर्जनी वर जाते ती खाली येतच नाही.

बेडकी म्हणजे काय, तर दोन लांबलचक लोखंडी टाक्या, प्रत्येकीच्या अंगाभोवती स्क्रूच्या आट्यांसारखा पोलादी पट्टा गुंडाळून जोडलेला. टाक्या फिरल्या की आटे बर्फात रुततात आणि गाडी पुढे सरकते. बर्फ फुटला तर टाक्या पोकळ, म्हणून गाडी तरंगते. वर ट्रॅक्टरची सीट, मध्ये जुन्या लॉरीचं इंजिन. दिसायला दोन मगरींनी मिळून एक चूल पळवून न्यावी तशी.

मामाचा दावा असा. एकसष्ट सालच्या एप्रिलमध्ये आजी आणि आजोबा तळ्यातल्या बेटावर राहत होते. दीड मैल लांब. आजोबा लाकूडतोडीच्या कँपवर गेलेले, आजीचे दिवस भरलेले. तळ्याची अवस्था वर्षातली सगळ्यात वाईट, म्हणजे चालायला बर्फ पातळ आणि वल्हवायला जाड. कळा सुरू झाल्या तर छपरावर लाल घोंगडी टाकायची असं ठरलं होतं. घोंगडी पडली. गाव सगळं म्हाताऱ्या लँपिनेनच्या मयताला चर्चमध्ये. मामाने सुईणीला, म्हणजे मिसेस बेसी ट्रेव्हॅरोला, बेडकीवर बसवलं आणि बावीस मिनिटांत बेटावर नेलं. माझी आई जन्मली.

हे सगळं छान आहे. पंचाईत एवढीच की आर्वोकाकाचा दावाही हाच आहे.

आर्वो निएमी हा मामाचा शेजारी आणि मासेमार. घोंगडी त्यानेही पाहिली. त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्याने आपली सपाट बुडाची होडी बर्फावरून ढकलत, जिथे बर्फ फुटेल तिथे उडी मारून आत बसत, मिसेस ट्रेव्हॅरोला बेटावर पोहोचवलं. "आणि बेडकी?" असं कुणी विचारलं की तो फक्त म्हणायचा, "ती पोहोचली नाही." आर्वोकाका कमी बोलतो. "हो" हा शब्दसुद्धा तो श्वास बाहेर न सोडता आत ओढत म्हणतो, गरम कॉफी भुरकल्यासारखा. गावात बरेच जण तसंच म्हणतात, पण आर्वोकाकाच्या "हो"ला पडदे हलतात.

खुद्द मिसेस ट्रेव्हॅरो पुढे दोनच वर्षांनी मुलाकडे राहायला गेली आणि तिकडेच वारली. तिची वही गावाच्या छोट्या संग्रहालयात काचेखाली ठेवलीय. त्या दिवशीची नोंद एवढीच: "बेटावर गेले. ओली होऊन पोहोचले. मुलगी, साडेसात पौंड."

"ओली!" मामा काचेवर बोट आपटतो. "शास्त्रीयदृष्ट्या बघितलं तर, आट्यांमुळे पाणी उडतं."

"ओली," आर्वोकाका म्हणतो. "होडीत पाणी येतं."

आजीला विचारून झालं होतंच. "मला कळा येत होत्या," ती म्हणायची. "सुईण कशात बसून आली ते बघायला मी खिडकीत उभी होते काय? घे, पाव घे."

आणि आई? तिला लोक खरोखर विचारायचे. दुकानात, टपाल कचेरीत, एकदा तर दाताच्या डॉक्टरकडे, तोंड उघडं असताना. आई म्हणायची, "मी त्या दिवशी जरा कामात होते. जन्मत होते."

हे असंच चाललं असतं. पण गावाला शंभर वर्षं पूर्ण झाली आणि लोरेनबाईंनी धक्क्यावर पाटी लावायचं काढलं. लोरेनबाई दुप्वी म्हणजे आमच्या हौशी अग्निशमन दलाच्या प्रमुख, आणि गावातल्या बाकीच्या सगळ्या समित्यांच्याही, कारण दुसरं कुणी उभं राहत नाही. पाटीवर गावाच्या इतिहासातल्या आठ ओळी. सात तयार झाल्या. आठवी अशी होती: "एकसष्ट साली, बर्फ फुटत असताना, ______ यांनी सुईणीला बेटावर पोहोचवलं."

ती रिकामी जागा तीन वर्षं रिकामी होती. शंभरी होऊन एकशेतिसरं लागलं. मामाने पाटीवाल्याला चौदा पत्रं लिहिली. एकदा त्याने मला गंभीरपणे सांगितलं, "पोरी, माझ्या सगळ्या शोधांतून एक ओळ उरली तरी बास. पण ती लोखंडात कोरलेली हवी." त्या वेळी तर्जनी वर नव्हती. म्हणून मी हसले नाही.

आता आमच्याकडचा एक रिवाज सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळणार नाही. दर जानेवारीत अग्निशमन दल एक भंगार गाडी तळ्याच्या बर्फावर नेऊन ठेवतं. आधी इंजिन काढायचं, तेल निपटायचं, पाणी घाण होऊ नये म्हणून. गाडीला एक दोर, दोराचं दुसरं टोक किनाऱ्यावरच्या घड्याळाच्या प्लगला. वसंतात बर्फ फुटतो, गाडी बुडते, दोर प्लग ओढतो, घड्याळ थांबतं. नंतर साखळीने गाडी ओढून काढतात. कुठल्या दिवशी, किती वाजून किती मिनिटांनी बुडणार, ते चिठ्ठीवर लिहून पेटीत टाकायचं. ज्याचा अंदाज सगळ्यात जवळचा त्याला अख्खी धुरावलेली हॅम, म्हणजे डुकराची मांडी. या हॅमपायी आमच्या गावात सख्खी भावंडं एकमेकांना थर्मामीटर दाखवत नाहीत.

त्या वर्षी भंगार गाडी मामाने देऊ केली होती. शेडमागचा मेलेला पिकअप. "या आणि घेऊन जा," म्हणाला, आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी शहरात गेला.

दलाचे लोक आले. शेडमागे दोन वस्तू होत्या. एक पिकअप, आणि एक ताडपत्रीखाली काहीतरी. त्यांनी पिकअप निरखून पाहिला. मामा रोज जी गाडी चालवतो तिच्यापेक्षा तो बराच बरा दिसत होता. तेव्हा ही त्याची चांगली गाडी असणार, असा त्यांनी शहाणपणाने निष्कर्ष काढला, आणि ताडपत्री उचलली.

मामा आठवड्याने परत आला. डाव्या डोळ्यावर प्लास्टिकची वाटी. आई त्याला गाडीतून आणत होती, मी मागे होते. तळ्याकाठी वळण घेताना त्याने उजव्या डोळ्याने बर्फावर पाहिलं आणि खूश झाला.

"अरे वा! यंदा काहीतरी दर्जेदार ठेवलंय. बांधणी बघ, बांधणी! कुणी केलंय ते?"

आईने गाडी थांबवली. स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं. "मामा," ती म्हणाली, "वाटी नीट बसव आणि परत बघ."

त्याच संध्याकाळी पाच वाजता, अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये, पेस्टीची बैठक चालू होती. बटाटा-मांसाच्या गरम पेस्ट्या सगळ्यांच्या हातात. मामा आत आला तो थेट लोरेनबाईंसमोर.

"माझी बेडकी बर्फावर आहे!"

"एक मिनिट, एक मिनिट," लोरेनबाई म्हणाल्या. त्या प्रत्येक वाक्याच्या आधी आणि नंतर एक मिनिट मागतात. "तौनो, चूक झाली. पोरांना वाटलं भंगार आहे."

"भंगार?"

"दिसतं रे तसं. आम्ही उद्याच ओढून आणतो. इंजिन नीट ठेवलंय गोणपाटात. एक मिनिट."

मामाचा राग उतरायला लागला होता, तो हो म्हणणारच होता. तेवढ्यात कोपऱ्यातून आर्वोकाकाचा श्वास आत ओढलेला ऐकू आला.

"हो... न्या परत. बुडाली तर वाईट दिसेल."

बस. मामाची वाटी धुक्याने भरली.

"बुडेल? ती? आर्वो, शास्त्रीयदृष्ट्या बघितलं तर तू बुडशील, तुझी होडी बुडेल, हा हॉल बुडेल, पण..."

"मग राहू दे बर्फावर."

"राहू दे! लोरेन, राहू दे तिला तिथेच! आणि लिहून घे. ती तरंगली तर पाटीवर माझं नाव."

"आणि बुडाली तर?" लोरेनबाईंनी विचारलं.

मामा थांबला. सगळे चावायचे थांबले. "बुडाली तर," तो म्हणाला, "याचं लिही."

लोरेनबाईंनी पेस्टी खाली ठेवली. तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर सुटकेसारखं काहीतरी दिसलं. पण आर्वोकाकाचं अजून संपलं नव्हतं. "इंजिन काढलंय," तो म्हणाला. "हलकी झालीय. हलकं काय, बादलीपण तरंगते."

झालं, आणखी पाऊण तास. शेवटी असं ठरलं की इंजिनाच्या वजनाइतकं दुसरं वजन ठेवायचं. हरणं टांगायच्या तराजूवर इंजिन तोललं, तीनशे बारा पौंड. एवढं वजन जानेवारीत आणायचं कुठून? जमीन गोठलेली, दगड निघेना. तेव्हा मामाने स्वतःच्या सौनाच्या भट्टीतले सगळे दगड काढून दिले. परिणाम असा की जानेवारी ते एप्रिल, दर शनिवारी, तो आमच्या सौनात येऊन बसला. "शास्त्रीयदृष्ट्या बघितलं तर तुमची भट्टी धूर धरते," असं तीन महिने, उघड्या अंगाने. आई म्हणायची, "देवा, ती बुडो किंवा तरंगो, पण लवकर."

मार्च उलटला तसा मामा बदलला. रोज सकाळी दुर्बीण घेऊन किनाऱ्यावर. आधी तो येणाऱ्याजाणाऱ्याला धरून आट्यांचं शास्त्र सांगायचा, मग नुसता उभा राहायला लागला. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी कॉफीचा थर्मास घेऊन गेले तर त्याने एकदम विचारलं, "लोखंड बेचाळीस वर्षांत किती गंजतं गं?"

"मला काय माहीत? शोधक तू आहेस."

"हं," तो म्हणाला. "डाव्या टाकीचा एक सांधा मी घाईत मारला होता. लँपिनेनच्या मयताला जायचं होतं ना." मग थर्मास माझ्याकडे न बघता घेतला. "हेल्मीला नको सांगूस."

चोवीस एप्रिलला सकाळी दक्षिणेचा वारा सुटला. दहा वाजेपर्यंत बर्फ काळा पडला, अकराला मधोमध तडकला. शाळा सुटली, म्हणजे सोडली नाही, सुटली. सगळं गाव धक्क्यावर. अकरा वाजून सतरा मिनिटांनी बेडकीखालचा बर्फ कलंडला, दोर ताणला, प्लग निघाला, घड्याळ थांबलं. बेडकी डाव्या अंगावर झुकली. सीट पाण्याला लागली.

"गेली!" कुणीतरी ओरडलं.

मामाने दुर्बीण खाली घेतली आणि डोळे मिटले. दोन्ही.

आणि बेडकी परत वर आली. एकदा हलली, ढेकर दिल्यासारखा आवाज केला, आणि तीनशे बारा पौंड दगडांसकट बर्फाच्या तुकड्यांमध्ये झुलत राहिली. एक मिनिट. पाच मिनिटं. अर्धा तास. पाद्रीबुवांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, सौनाचं सगळं विसरून. मामाने डोळे उघडले तेव्हा आर्वोकाका त्याच्या शेजारी उभा होता.

"तरंगतेय," आर्वोकाका म्हणाला.

मामाच्या तोंडून शब्द फुटला नाही. चौऱ्याहत्तर वर्षांत पहिल्यांदा. आईने घड्याळात बघून ठेवलं, चार मिनिटं.

दुपारी दोन वाजता हॉलमध्ये पेटी उघडली. हॅम पाद्रीबुवांच्या बायकोला गेली, सहा मिनिटांच्या फरकाने, आणि सगळे एका सुरात कण्हले कारण तिला मागच्या वर्षीही मिळाली होती. लोरेनबाई रिवाजाप्रमाणे बाकीच्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचत होत्या. गाव त्यावर महिनाभर हसतं, म्हणून वाचायच्या.

"तौनो माकेला," लोरेनबाईंनी वाचलं आणि थांबल्या. "एक मिनिट. चोवीस एप्रिल, दुपारी तीन वाजता बुडणार."

आजीने खुर्ची त्याच्याकडे वळवली.

"तौनो," आजी म्हणाली, "तू तिच्या बुडण्यावर चिठ्ठी टाकलीस?"

मामाने केसांतून हात फिरवला. "शास्त्रीय... म्हणजे... मला वाटलं, बुडलीच, तर निदान हॅम मिळेल."

हसू फुटलं ते आवरेना. लोरेनबाईंनी पुढची चिठ्ठी हातात घेतली, वाचली, उलटीसुलटी करून पुन्हा वाचली. "आर्वो निएमी. एक मिनिट. यात तारीखच नाही. लिहिलंय, 'बुडणार नाही.'"

मामा हळूच वळला.

"म्हणजे तुला माहीत होतं!" तो ओरडला. "बेचाळीस वर्षं! तुला माहीत होतं ती तरंगते! लबाडा!"

"हो," आर्वोकाकाने श्वास ओढला. "मी कधी म्हटलं बुडते? मी म्हटलं, पोहोचली नाही. अर्ध्या वाटेत इंजिन मेलं तुझं. बदकासारखा बसला होतास. मी मागून होडी घेऊन आलो, तुला दोर बांधला आणि ओढलं."

"माझा दोर!"

"माझी होडी."

"ओढली म्हणजे पोहोचलीच ना! आणि ती बसली कशावर होती? माझ्या सीटवर!"

"ओढलं कुणी?"

लोरेनबाई म्हणाल्या, "एक मिनिट." पुन्हा म्हणाल्या. शेवटी त्यांनी पाटीचा कागद काढला, पेन्सिल काढली, आणि रडवेल्या आवाजात विचारलं, "दोघांचं लिहू का? दोघांचं लिहिते. चालेल?"

"माझं आधी," मामा म्हणाला.

"वर्णक्रमाने लावा," आर्वोकाका म्हणाला. तो जिथे सोयीचं असतं तिथे नियमाचा माणूस आहे.

तेव्हा आजी उठली. तिच्या हातात पावाची बशी नव्हती, हे मी पहिलं पाहिलं.

"बसा," ती म्हणाली. दोघे बसले. "लोरेन, पेन्सिल खाली ठेव. बेसी ट्रेव्हॅरो दारात आली तेव्हा कमरेपर्यंत भिजलेली होती. एकटी. मी विचारलं, कशी आलीस? तिने मोजे काढून चुलीवर टांगले आणि म्हणाली, 'तुझा भाऊ आणि तो दुसरा तिकडे शंभर पावलांवर उभे आहेत. दोराला गाठ कुठली मारायची यावर भांडतायत. मी उतरले आणि चालत आले.' वीस मिनिटांनी कॅरोल झाली." कॅरोल म्हणजे माझी आई. "तिला पुसून, दुपट्यात गुंडाळून झालं, मी खिडकीबाहेर बघितलं. हे दोघे अजून गाठच मारत होते."

हॉलमधल्या सगळ्या माना एकदम त्या दोघांकडे वळल्या.

"शास्त्रीयदृष्ट्या बघितलं तर," मामा पुटपुटला, "शेवटची शंभर पावलं म्हणजे किनाराच."

"ती गाठ सुटली असती," आर्वोकाका म्हणाला. "तुझी."

आई उभी राहिली होती. चेहरा लाल. "आई! बेचाळीस वर्षं! मला दाताच्या डॉक्टरकडे विचारतात लोक! तू का नाही बोललीस?"

आजी तिच्याकडे वळली. "तू सहा वर्षांची होतीस तेव्हा तुझे वडील गेले," ती म्हणाली. "त्या हिवाळ्यापासून लाकडं कोण फोडतंय आपली? सप्टेंबर लागला की तौनो येतो, कारण तुला जगात त्याने आणलं. तो आला की आर्वो येतो, कारण तुला त्याने आणलं. दोघे एकमेकांपेक्षा जास्त फोडतात. मी एकाला खरं ठरवलं असतं तर दुसरा यायचा थांबला असता. आणि हे खरं सांगितलं असतं तर दोघेही." तिने खांदे उडवले. "लाकूडघर कधी रिकामं राहिलं नाही. आता काय व्हायचं ते होवो. पण बेसीचं नाव तुम्ही कुणीच घेत नाही, ते ऐकवत नव्हतं."

पाटी जूनमध्ये लागली. आठवी ओळ अशी आहे: "एकसष्ट साली, बर्फ फुटत असताना, सुईण बेसी ट्रेव्हॅरो बेटावर गेल्या. ओल्या होऊन पोहोचल्या." मामा अनावरणाला आला, मागे उभा राहिला, आणि पाटीचे स्क्रू चुकीच्या दिशेने आवळलेत एवढंच बोलला. बेडकी अजून धक्क्याला बांधलेली आहे. ओढून काढायला कुणी तयार नाही. पोरं तिच्यावरून उड्या मारतात. मामा उन्हाळाभर ना तिकडे फिरकला, ना आमच्याकडे. आर्वोकाकाही आमच्या दारावरून जाताना मान खाली घालून जायचा.

ऑगस्टभर आजी अंगणात खुर्ची टाकून बसली, तोंड लाकूडघराकडे. ते अर्धं रिकामं होतं. मी आणि आईने थोडं फोडलं, पण ओंडके ओकचे, आमचे हात बटाटे सोलायचे.

सप्टेंबरच्या पहिल्या शनिवारी सकाळी मोठा घरघराट ऐकू आला. मामा. मागे चाकांवर बेडकीचं इंजिन, त्याला जोडलेली लोखंडी पाचर, वर कप्पी. ओंडका दोराने टांगायचा, पाचर खालून येणार, शास्त्रीयदृष्ट्या मिनिटाला चार ओंडके. तो आजीकडे न बघता सरळ मागच्या अंगणात गेला. दहा मिनिटांनी आर्वोकाका आला. खांद्यावर साधी कुऱ्हाड.

आजी आत गेली आणि कॉफी चढवली. तिने पावाचे तुकडे नेहमीपेक्षा जाड कापले.

आम्ही बाहेर आलो तेव्हा पहिला ओंडका अजून जमिनीवरच होता. मामाच्या हातात दोराचं एक टोक, आर्वोकाकाच्या हातात दुसरं.

"ही गाठ घसरते," आर्वोकाका म्हणाला.

"ही गाठ? ही गाठ मी खाणीत वीस वर्षं मारलीय!"

"खाण बंद पडली."

आजीने बशी मध्ये धरली. दोघांनी पाव तोंडात घातला आणि तोंड भरलेलं असतानाच भांडत राहिले. आई पायरीवर बसून त्यांच्याकडे बघत होती. पाच मिनिटं बघितलं, दहा मिनिटं बघितलं. मग उठली, भिंतीला टेकवलेली आर्वोकाकाची कुऱ्हाड घेतली, बाह्या वर केल्या, आणि त्या दोघांना वळसा घालून ओंडक्यांच्या ढिगाकडे गेली.